खुब्याचा हिशेब

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर भागात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. टोंगळे दुखायला लागले तरी माणूस काठी टेकत वावरात जातो, धुऱ्यावर बसून निंदणाऱ्या बायांवर लक्ष ठेवतो. खुब्याचं तसं नाही. खुबा मोडला की म्हातारं माणूस खाट धरतं आणि ती खाट बहुधा सुटत नाही. माझी आजी न्हाणीत पडली, तिचं असंच झालं. गावच्या हाडवैद्यानं लेप लावला, मांडीला बांबूच्या कामट्या बांधल्या. चार महिन्यांत पाठीला जखमा होऊन ती गेली. "खुबा मोडला होता" एवढंच कारण सगळ्यांनी सांगितलं आणि ऐकणाऱ्यांना ते पुरलं.

म्हणून २००८ साली मामांचा खुबा बदलला तेव्हा घरात दिवाळी असल्यासारखं वाटलं होतं. मामा बावन्न वर्षांचे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो गोळा आतून ढासळला होता. एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ते वॉकर धरून उभे राहिले आणि त्या वर्षीच्या पोळ्याला स्वतः बैल घेऊन तोरणाखाली गेले. आजीची खाट पाहिलेल्या माणसाला हे दृश्य काय होतं, ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही.

मग दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रांत बातम्या यायला लागल्या. एका परदेशी कंपनीनं आपले कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवले होते, त्यातले हजारो भारतातही बसवलेले होते. आम्ही मामांची एक्स-रेची पिशवी उपडी केली. डिस्चार्ज कार्डावर 'टी. एच. आर.' अशी तीन इंग्रजी अक्षरं होती आणि पुढे 'उजवा'. टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे संपूर्ण खुबा बदलला. कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा, काही नाही. प्रत्येक कृत्रिम सांध्यासोबत खोक्यात चिकटपट्ट्या येतात, त्यावर नाव आणि क्रमांक छापलेले असतात, त्यातली एक रुग्णाच्या कागदांवर लावायची असते, हे तेव्हा कळलं. आमच्या कागदांवर ती नव्हती. रुग्णालयाला दोनदा फोन केला, जुन्या फायली गोदामात आहेत असं उत्तर मिळालं. शेवटी जवळच्या एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून पाहिली. गोळा लहान दिसतो, परत मागवलेला प्रकार हा नसावा, असं ते म्हणाले. "पण कंपनी कोणती हे काही फिल्म सांगत नाही."

भीती गेली. प्रश्न मात्र राहिला आणि त्याचा माग काढता काढता मी हाडांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात बराच मागे गेलो.

तिथे पहिल्यांदा भेटला तो बॉस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. हा खांद्याच्या विकारांचा मोठा जाणकार. १९१० च्या सुमारास त्यानं एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा, वर्षभरानं त्याला गाठा आणि उपचाराचा शेवट काय झाला ते लिहा. शेवट वाईट झाला असेल तर कारणही लिहा. शल्यवैद्याची चूक असेल तर तीसुद्धा. रुग्णालयांना हे रुचलं नाही, तेव्हा त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून टाकला. त्यात १२३ चुका त्यानं स्वतःहून नोंदवल्या. सहकाऱ्यांनी त्याला दूर सारलं. १९१५ मध्ये तर त्यानं भर सभेत शहरातल्या बड्या डॉक्टरांवरचं व्यंगचित्र दाखवलं आणि उरलेले मित्रही गमावले. नंतर हाडांच्या कर्करोगाची नोंदवही त्यानं सुरू केली. १९४० मध्ये तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली, डॉक्टरांनीच बसवला.

कॉडमनचं वाचताना मला आजीचा हाडवैद्य आठवला. त्या माणसाबद्दल मला राग नाही. हाताचं साधं हाड, पोराची हंसळी, अशी कितीतरी हाडं त्यानं जुळवली असतील. कांडवेलीला आपल्याकडे हाडजोडी म्हणतात, तिचा लेप, मैदालकडीचा लेप आणि वर घट्ट कामट्या, एवढ्यावर वऱ्हाडातल्या पिढ्या निभावल्या. पण पट्टी जास्त आवळली गेली की हाताचा रक्तपुरवठा तुटतो, बोटं वाकडी होऊन कायमची आखडतात. फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानं १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. ज्यांची हाडं जुळली ते हाडवैद्याचं नाव सांगत फिरले. ज्यांचे हात आखडले त्यांनी नशिबाला बोल लावला. कुणी मोजलं नाही. आणि माझ्या मामांच्या शहरातल्या चकचकीत रुग्णालयातही मोजणारं कुणी नव्हतं.

आता इंग्लंडमधलं लँकेशायर. या नावाशी बुलढाणा जिल्ह्याचं नातं जुनं आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. खामगावचा बाजार त्या काळात देशातल्या मोठ्या कापूसबाजारांत गणला जाऊ लागला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आमच्या काळ्या मातीतल्या गाठी तिकडच्या मागांवर चढायच्या. त्याच लँकेशायरमध्ये, त्याच मागांच्या एका सुट्या भागातून, शंभर वर्षांनी कृत्रिम खुबा जन्माला येणार होता.

जॉन चार्नली हा तिथल्या राइटिंग्टन रुग्णालयातला शल्यवैद्य. रुग्णालय मूळचं क्षयाचं. खुबा बदलण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी यांच्यातलं घर्षण हाताळता येत नव्हतं. चार्नलीनं वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. १९५८ पासून त्यानं सुमारे तीनशे खुबे बसवले. सुरुवातीचे निकाल असे की लंगडत आलेली माणसं नाचत घरी जावीत. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या कणांनी सांध्याभोवतीचे स्नायू आणि हाड कुरतडलं. चार्नलीनं त्या रुग्णांना स्वतः परत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं एकेकाचा निकामी सांधा काढला. शल्यवैद्यानं भोगावी अशी याहून कठोर शिक्षा मला ठाऊक नाही, आणि ती त्यानं दुसऱ्यावर ढकलली नाही.

१९६२ मध्ये एक विक्रेता त्याच्या प्रयोगशाळेत नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. पॉलिएथिलीनच होतं, पण फार जड रेणूंचं. जर्मनीत बनायचं आणि लँकेशायरच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जायचं. चार्नलीला ते निरुपयोगी वाटलं. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हननं मात्र साहेब परदेशी गेले असताना तो तुकडा घासयंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. तरी चार्नलीनं लगेच विश्वास ठेवला नाही. दोन्ही पदार्थांचे कण त्यानं आपल्याच मांडीत घालून घेतले आणि टेफ्लॉनची जागा सुजते, नव्या प्लॅस्टिकची नाही, हे बघितल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नवा खुबा बसवला. बावीस मिलिमीटरांचा स्टीलचा गोळा, जाड प्लॅस्टिकची वाटी, हाडात रोवायला दातांच्या डॉक्टरांकडचं सिमेंट.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला शस्त्रक्रियेपेक्षाही मोठं वाटतं. इतर शल्यवैद्यांना हा सांधा वापरू देण्याआधी तो वर्षानुवर्षं थांबला. रुग्णांना ठरावीक काळानं बोलावून मोजमाप करत राहिला. आणि त्यांच्याकडून एक वचन घेतलं: तुम्ही गेल्यावर हा खुबा मला परत द्या, मला तो उघडून बघायचा आहे. लोकांनी हसत सह्या केल्या. खुबे परत आलेही.

सत्तरच्या दशकात हे तंत्र मुंबईत डॉ. के. टी. ढोलकिया यांच्यासारख्या शल्यविशारदांनी रुजवलं. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये आपल्या संस्थेची सुरुवात केली होती. पुढे त्यांनी 'इंडस' हा गुडघा बनवला, तो परदेशी गुडघ्यापेक्षा स्वस्त होता आणि आपल्या बसण्याउठण्याचा विचार करून घडवलेला होता. हा विचार महत्त्वाचा आहे. परदेशात खुर्चीवर बसून आयुष्य काढणाऱ्यांसाठी केलेला सांधा वऱ्हाडातल्या माणसाला लावायचा, तर तो जेवायला मांडी घालणार, परसाकडला उकिडवा बसणार, कापूस वेचायला दिवसभर वाकणार. शिवाय आपल्याकडे खुबा बदलायची पाळी पुष्कळदा तरुण आणि मध्यम वयातच येते: गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला, नाहीतर पाठीचा कणा आखडवणारा संधिवात. अशा माणसाला सांधा तीस वर्षं टिकायला हवा असतो.

याच गरजेवर पुढची गोष्ट उभी राहिली.

प्लॅस्टिकही शेवटी झिजतंच, मग धातूची वाटी आणि धातूचाच गोळा का नको, ही कल्पना जुनी होती. साठच्या दशकात इंग्लंडच्याच केन मकीनं तसे सांधे बसवले होते, सत्तरच्या दशकात ते मागे पडले. नव्या शतकात ते पुन्हा आले, तरुण आणि धडधाकट रुग्णांसाठी म्हणून. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीच्या डेप्यू कंपनीनं २००३ पासून 'ए. एस. आर.' नावाचा खुबा बाजारात आणला. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा, भला मोठा. वाटी मात्र अर्धगोलाहूनही उथळ. उथळ वाटीत गोळा काठावर घासतो. घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटतात, सांध्याभोवतीच्या मांसात मुरतात, रक्तात उतरतात. खुब्यापाशी गाठ येते, मांस सडतं, वेदना सुरू होतात.

हे पहिल्यांदा कुणाला दिसलं? एखाद्या थोर शल्यवैद्याला नाही, एका नोंदवहीला. स्वीडननं १९७५ मध्ये कृत्रिम गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची देशभराची वही उघडली होती. कोणता सांधा, कुणाला, कधी, आणि पुन्हा उघडावा लागला का, एवढंच तिच्यात लिहायचं. ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये तशीच वही सुरू केली. एकेका डॉक्टरला आपले दोन-तीन रुग्ण दुर्दैवी वाटतात. सगळ्या देशाचे रुग्ण एका वहीत आले की दुर्दैवाचं नाव आणि क्रमांक कळतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वहीनं ए. एस. आर.कडे बोट दाखवलं. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला. ब्रिटनच्या वहीत पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा उघडावे लागल्याचं आढळलं, जिथे दहा वर्षांत दहा ही सहन करण्याची हद्द होती. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत मागवला, तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या अंगात तो बसलेला होता. कंपनीच्याच एका अंतर्गत अंदाजात पाच वर्षांत सदतीस टक्के सांधे निकामी होतील असं म्हटलं होतं, हे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या खटल्यात उघड झालं. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरच्या आसपास तडजोड झाली.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. आपल्याकडे सक्तीची वही नव्हती. हाडात घालायच्या उपकरणांना औषधांच्या कायद्याखाली आणून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं, महेश झगडे आयुक्त असताना, हा विषय लावून धरला. पोलिसांत तक्रार केली, केंद्राला लिहिलं. आपल्या राज्याच्या एका कचेरीनं हे केलं याचा मला अभिमान वाटतो. त्या कचेरीत बसणाऱ्यांना हाडांचं शास्त्र कदाचित ठाऊक नसेल. पण परत मागवलेली वस्तू माणसाच्या अंगात असेल तर त्या माणसाला कुणीतरी जाऊन सांगितलं पाहिजे, एवढं त्यांना कळलं होतं.

केंद्रानं डॉ. अरुणकुमार अगरवाल यांची समिती नेमली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये. वर्षभरानं अहवाल आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. कंपनी न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी तिनं दिल्ली उच्च न्यायालयात दाखवली. या सगळ्या आकड्यांत मला अस्वस्थ करतो तो वेगळाच. ४,७०० पैकी साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणाच लागला नाही.

ही माणसं कुठे गेली असतील याचा अंदाज बुलढाण्याच्या माणसाला चटकन येतो. जिल्ह्याचे तेरा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाख शहाऐंशी हजार लोक, आणि मोठं दुखणं आलं की प्रत्येक तालुका वेगळ्या दिशेला निघतो. खामगाव-शेगावचा रुग्ण अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात जातो. मलकापूरचा जळगाव-भुसावळकडे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाचा जालन्याला, तिथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. ज्याला कुणी ओळखीचं आहे तो नागपूरला 'मेडिकल'ला. ज्याच्याकडे विकायला एकरभर वावर आहे तो मुंबई-पुण्याला. टाके निघाले की तो गावी परततो. मोबाइल नंबर बदलतो. कार्डावरचा पत्ता बहुधा त्या शहरातल्या भाच्याचा असतो. पाच वर्षांनी खुबा ठणकायला लागला तर तो गावातल्या डॉक्टरकडून वेदनेची गोळी घेतो. वय झालं म्हणतो. आपल्या अंगात काय आहे आणि त्याचं जगात काय झालं, हे त्याला कोण सांगणार, आणि त्याच्या ठणक्याची बातमी वर कोण पोचवणार?

पुढे काही दारं उघडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांतून साऱ्या राज्यात गेली, तेव्हा बुलढाणाही तिच्यात आला. ९७१ उपचार आणि सोबत १२१ पाठपुराव्याची पॅकेजेस. आज ती महात्मा फुलेंच्या नावानं चालते, आणि मोडलेल्या हाडासाठी वावर गहाण टाकायची वेळ तिनं अनेकांवर येऊ दिली नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला. हाडं-सांध्यांच्या शल्यवैद्यांच्या संघटनेनं स्वेच्छेची नोंदवहीही चालवली आहे. स्वेच्छेची वही कितीही प्रामाणिक असली, तरी ज्याचा निकाल चांगला तो उत्साहानं लिहितो आणि बाकीच्यांची पानं कोरी राहतात. सक्तीची वही हवी. प्रत्येक सांध्याच्या क्रमांकाला माणसाची ओळख जोडलेली हवी. देशभराची वही स्वीडनला कागद-पेन्सिलच्या काळात जमली. २०२४ मध्ये बुलढाण्याला शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तिथल्या अस्थिरोग विभागात पहिलं कपाट घेतलं जाईल तेव्हा त्यात एक जाड वही असावी, असं मला फार मनापासून वाटतं. जिल्ह्यातल्या कुणाचाही सांधा कुठेही बदललेला असो, त्यानं इथे येऊन चिकटपट्टी लावावी आणि वर्षातून एकदा चालून दाखवावं.

मामा २०१९ च्या उन्हाळ्यात गेले, हृदयविकारानं. खुबा शेवटपर्यंत चालला. आदल्या आठवड्यातही ते धुऱ्यावरून एकटे फिरून आले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला पैनगंगेच्या काठी गेलो. अस्थी वेचताना मामेभावाच्या हाताला वीतभर लांबीचा धातूचा दांडा लागला, वरच्या टोकाला आवळ्याएवढा गोळा. प्लॅस्टिकची वाटी जळून गेली होती. दांडा त्यानं नदीत धुतला, राखेनं घासला. मानेपाशी काहीतरी कोरलेलं होतं. दोन अक्षरं आणि चार आकडे लागले, पुढचं काळवंडलं होतं. भटजींनी विचारलं, हे पण सोडायचं का? मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. अस्थी आम्ही पाण्यात सोडल्या. दांडा त्यानं रुमालात गुंडाळून घरी आणला आणि एक्स-रेच्या पिशवीत ठेवला.